चंद्राशी काय भांडण?

अकरावीच्या पोरांना मी दर वर्षी एक प्रश्न विचारते. चंद्र स्वतःभोवती फिरतो की नाही? निम्मा वर्ग छातीठोकपणे सांगतो, "नहीं मॅडम, घूमता तो पीछे का भी दिखता ना." उरलेला निम्मा वर्ग गप्प बसतो, कारण मॅडमने विचारलंय म्हणजे त्यात काहीतरी खोच असणार हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. रायपूरजवळ, अभनपुरच्या सरकारी शाळेत मी फिजिक्स शिकवते. माझा स्वभाव तापट आहे आणि पोरांना तो पाठ आहे.

हा धडा पहिल्यांदा शिकवायचा होता तेव्हा मी त्याची तालीम आईवर केली होती. आम्ही तेव्हा जुन्या रायपुरात, आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, घरात राहत होतो. आई पंडरीच्या कापडबाजारातून साड्या आणायची आणि घरी बसून त्यांना पिको-फॉल करून द्यायची. वडील लवकर गेले. आम्हा दोघा भावंडांचं शिक्षण तिच्या शिलाई मशीनवर झालं. त्या दिवशी मी तिला खोलीच्या मधोमध स्टुलावर बसवलं, हातातल्या साडीसकट, आणि सांगितलं, तू पृथ्वी. मग तिच्याकडे तोंड ठेवून मी तिच्याभोवती गोल चालले.

"तू फिरली कुठं?" ती म्हणाली. "तू तर मलेच पाहून राहिली."

मग मी दुसऱ्यांदा चालले, पण या वेळी तोंड कायम दाराकडे ठेवलं. तिला एकदा माझा चेहरा दिसला, एकदा कान, एकदा पाठ. आता तिच्या लक्षात आलं. अजिबात न फिरणाऱ्या चंद्राची पाठ आपल्याला कधी ना कधी दिसलीच असती. तो पृथ्वीला एक फेरी मारताना स्वतःभोवतीही नेमका एकदाच फिरतो, म्हणून त्याचं एकच तोंड आपल्याकडे राहतं. आपल्याला मात्र तो थांबलेला वाटतो.

"असा कसा हिशोबानं फिरते तो?" तिने विचारलं. सातवी शिकलेली बाई, पण प्रश्न नेमका विचारायची. मी तिला सांगितलं की सुरुवातीला तो आपल्या मर्जीने भराभर फिरत असे. पण पृथ्वी त्याच्या जवळच्या बाजूला जास्त ओढते आणि लांबच्या बाजूला कमी. त्या ओढीने तो किंचित ताणला जातो, फिरताना तो ताण आतून घासतो, आणि सायकलला ब्रेक लागावा तसा त्याचा वेग कमी होत जातो. होता होता तो पृथ्वीकडे तोंड करून अडकतो. हे सगळं अंतरावर ठरतं. अंतर दुप्पट झालं की तो ब्रेक चौसष्ट पटींनी ढिला पडतो. म्हणून ग्रहांच्या जवळचे मोठे चंद्र सगळे असेच अडकलेले, आणि शनीचे फार लांबचे काही चंद्र अजून मोकळे गिरक्या घेतात.

आईने दाताने दोरा तोडला. "म्हणजे जवळ राहिलं त्याचं फिरणं बंद, आन् पळून गेलं त्याची मजा," ती म्हणाली. धाकटा भाऊ त्याच वर्षी नोकरीला पुण्याला गेला होता. आम्ही दोघी खूप हसलो.

मी लग्न केलं नाही. कारणं होती, ती इथे सांगण्याजोगी नाहीत. आई आणि मी, असं आमचं घर वर्षानुवर्षं चाललं. दीड वर्षापूर्वी मी ते घर बदललं. पाऱ्यातून अभनपुरला जायला मला रोज दोन बस बदलाव्या लागत आणि माझी पाठ त्या प्रवासाने पार गेली होती. नवा रायपुरात एक फ्लॅट मिळाला. तिथून शाळा स्कुटीने जवळ. आई नको म्हणत होती. पाऱ्यात तिला हाक मारणारी पन्नास माणसं होती, आणि इथे आठपदरी रस्ता आणि त्यावर वाट चुकल्यासारखी एखादी बस. पण मी हट्ट धरला, आणि शेवटी ती म्हणाली, "चाल, तुझ्या पाठीसाठी."

इथे आल्यावर काही महिन्यांत तिने माझ्याकडे बघणं सोडलं.

हे मी अगदी शब्दशः सांगते आहे. मी समोर बसून बोलू लागले की ती मान डावीकडे वळवायची आणि खिडकीकडे, फ्रिजकडे, कुठेतरी बघत हं हं करायची. आधी मला वाटलं, लक्ष नाही. मग वाटलं, रुसली आहे. आमच्या घरात रुसण्याची पद्धतच तशी. माझी आजीही भांडण झालं की बोलणं बंद करत नसे, फक्त तोंड दुसरीकडे करून बोलायची, आणि समोरच्याने समजून घ्यायचं की प्रकरण मिटलेलं नाही. मी समजून घेतलं. पारा सोडायला लावल्याचा राग आहे, दुसरं काय.

एकदा असं धरून चालल्यावर पुरावे काय, रोजच मिळत गेले. शिलाई मशीनवर तिने चादर टाकली ती काढलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "इथं कोण येते फॉल लावाले?" पेपर घडीसुद्धा न मोडता रद्दीत जाऊ लागला. एका सकाळी पोह्यांत मिठाऐवजी साखर पडली, तीही मूठभर, आणि मी मनात म्हटलं, आता हे मुद्दाम. त्याहून वाईट म्हणजे एका संध्याकाळी मी शाळेतून येत होते आणि ती इमारतीच्या आवारात फेऱ्या मारत होती. मी समोरून हसत चालत गेले. ती माझ्या अंगावरून, दोन हातांवरून, न ओळखल्यासारखी निघून गेली. वॉचमन बघत होता. माझा अगदी संताप झाला. वर येऊन मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

मीही कमी नाही. जशास तसं, असं ठरवून मी तिच्याकडे न बघता बोलायला लागले. सकाळी चपला घालता घालता दाराकडे तोंड करून "येते" म्हणायचं. रात्रीचं जेवण मोबाइलमध्ये डोकं घालून. ती "दमली का?" विचारायची आणि मी ताटाकडे बघत "नाही" म्हणायचे. हे मी वर्षभर केलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा त्यात एक खुनशी समाधान होतं, खोटं कशाला बोलू.

रविवारी पुण्याहून भावाचा फोन यायचा आणि हीच बाई तासभर हसून बोलायची. पाऱ्यातल्या जुन्या गोष्टी, वडिलांच्या खोड्या, मी कधीही न ऐकलेले किस्से. मी स्वयंपाकघरातून ऐकत राहायचे. तिची ही बाजू मला का दिसत नाही? मग मलाच माझा धडा आठवायचा आणि मी आतल्या आत जळायचे. रोज भात टाकणारी मी, औषधं आणणारी मी, आणि मला तिचं एकच रुसलेलं तोंड. बाराशे किलोमीटर लांब बसलेल्याला सगळ्या बाजू. चौसष्ट पट मोकळा ब्रेक!

आई संकष्टी धरते. दिवसभर उपास आणि चंद्र बघून, त्याला अर्घ्य देऊन मग जेवण. यात आम्हा रायपूरच्या मराठी घरांची एक गंमत आहे. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते ती मुंबईची. आपण मुंबईच्या केवढे पूर्वेला. चंद्र आपल्याकडे अर्धा तास आधीच उगवून मोकळा होतो. आमच्या पणजोबांच्या काळापासून घरात शिस्त आहे, कॅलेंडरातून अर्धा तास कापायचा. नव्याने आलेल्या सुना पहिल्या संकष्टीला हमखास चुकायच्या आणि अर्धा तास जास्त उपाशी राहायच्या, मग घरभर चेष्टा. आई तर कॅलेंडर बघायचीच नाही. पाऱ्यातल्या गच्चीवर आधीच जाऊन उभी राहायची आणि शेजारच्या टाकीमागून कड दिसली रे दिसली की म्हणायची, "आला, पाट मांड."

गेल्या थंडीतली संकष्टी. शाळेत बैठक लांबली आणि मला घरी पोचायला पावणेनऊ झाले. आई बाल्कनीत उभी होती. आमची बाल्कनी पूर्वेला आहे आणि समोर नुसतं मोकळं रान, त्यामुळे चंद्राला लपायला काही जागा नाही. तो उगवून वर आलेला होता, तांबूस आणि हा एवढा मोठा, तिच्या बरोबर नाकासमोर. तिच्या हातात ताम्हन होतं, त्यात पळी, दूर्वा, फूल. आणि ती त्याच्याकडे सरळ तोंड करून वाट बघत होती.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"पावणेनऊ."

"मग अजून वीस मिनिटं आहेत. कापलेल्या वेळेले तर आला नाही. कॅलेंडरात नऊ-पाच लिहून आहे, खालच्या वहिनीनं वाचून सांगितलं."

मला आधी राग आला. अर्धा तास कापायचा हे मला शिकवणारी ही बाई, आणि आता मुंबईची वेळ पाळून स्वतःला उपाशी ठेवते आहे, माझ्या नाकावर टिच्चून. मी म्हटलं, "आई, तो समोर आहे. कधीचा आलाय."

ती दचकली. ताम्हनातलं पाणी सांडलं. मग तिने एक गोष्ट केली. तिने चंद्राकडून मान वळवली. डावीकडे, सावकाश, अगदी तशीच, जशी ती माझ्या समोर बसल्यावर वळवत असे. क्षणभर तशीच थांबली आणि मग म्हणाली, "हव. दिसला." आणि चंद्राकडे तिरपी उभी राहून तिने अर्घ्य दिलं.

मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिले. माझ्याशी भांडण असेल, पण चंद्राशी तिचं काय भांडण असणार?

मी तिला आत आणलं, ट्यूबलाइटखाली खुर्चीवर बसवलं आणि तिच्यासमोर वाकून उभी राहिले. "माझ्याकडे सरळ बघ. मान हलवू नकोस. सांग, माझ्या कपाळावर टिकली आहे का?"

"हे काय पोरखेळ लावले? मोदक थंड होऊन राहिले."

"सांग ना, आई."

मी बारावीपासून रोज टिकली लावते. "आहे," ती म्हणाली.

नव्हती. सकाळीच हेल्मेट काढताना पडली होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि टॅक्सीने तिला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने आईच्या हातात बारीक चौकटी छापलेला एक कागद दिला, एक डोळा झाकला आणि म्हणाली, "माँजी, बीच में काली बिंदी है, उसको देखिए और बताइए, लाइनें सीधी हैं?"

आई कागदाकडे बघत राहिली. "कौन सी बिंदी, बेटा?"

डोळ्यात औषध घालून, फोटो काढून, दोन तासांनी डॉक्टरने मला संगणकावर चित्र दाखवलं. डोळ्यामागच्या पडद्याचा अगदी मधला भाग, जिथून आपण सुईचं नेढं बघतो, अक्षर बघतो, माणसाचा चेहरा बघतो, तो वयाने झिजतो कुणाकुणाचा. आईच्या डाव्या डोळ्यात तो गेला होता. उजव्यात रक्तवाहिन्या गळायला लागल्या होत्या आणि तिथेही मधोमध डाग धरला होता, पण थोडं शिल्लक होतं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतलं तर ते वाचू शकेल. वाचेलच असं नाही. "साल भर पहले आ जातीं तो लेफ्ट में भी कुछ बचा लेते," ती म्हणाली. तिच्या आवाजात ठपका नव्हता. मला तो तरीही लागला.

"ये गर्दन क्यों मोड़ती हैं?" मी विचारलं.

"सामने जो होता है वो गायब हो जाता है ना, मॅडम. किनारे से थोड़ा दिखता है. तो जिसको देखना हो, उससे चेहरा थोड़ा हटाना पड़ता है. मरीज़ खुद ही सीख जाते हैं."

मी तिला थँक्यू म्हटलं असणार. मला आठवत नाही.

बाहेर येऊन मी भावाला फोन लावला आणि त्याला काही सांगायच्या आधीच कळलं की त्याला ठाऊक आहे. तिने त्याला आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं की डोळ्यांसमोर मधोमध धुकं येतं, माणसांची तोंडं पुसल्यासारखी दिसतात. मी त्याच्यावर ओरडले. तोंडाला येईल ते बोलले. लोक वळून बघत होते.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "मी तिले म्हटलं होतं, ताईला सांग," तो म्हणाला. "ती म्हणे, सांगितलं. आन् मले वाटलं तुले माहीतच असंल. तू तर रोज पाहून राहिली तिले, ताई. मी तर फक्त आवाज ऐकतो."

त्याची काही चूक नव्हती हे मला बोलतानाच कळत होतं. म्हणून तर मी एवढी ओरडत होते. वर्गात मी पोरांना बजावते की दिसतं त्यावरून निष्कर्ष काढू नका, आपण कुठून बघतोय ते आधी विचारा. वीस वर्षांहून जास्त काळ दुसऱ्यांना सांगितलं. स्वतःच्या घरात एक वळलेली मान बघितली आणि एका दिवसात निकाल लावून टाकला.

पुढच्या आठवड्यात उजव्या डोळ्याला पहिलं इंजेक्शन झालं. आई घाबरली होती, पण डॉक्टरसमोर हू की चू केलं नाही. घरी आणून तिला पलंगावर बसवलं. उजव्या डोळ्यावर पट्टी होती, म्हणजे त्या दुपारी तिच्याकडे फक्त गेलेला डोळा उरला होता. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. तिने लगेच मान डावीकडे वळवली, आणि मला रडू फुटलं.

"काहून रडतं वं?" ती म्हणाली. "एक तर वाचला ना डोळा. वाचंल."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तू मले इथं आणून आधीच पस्तावून राहिली होती. तोंडावरून दिसत होतं तेव्हा, दिसत होतं तोवर. त्यात हे अजून कुठं सांगू? आन् तू चिडतं. मले वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असंल, होईल काही. मग म्हटलं आता खूप उशीर झाला, आता सांगितलं तर जास्तच चिडशील." तिने अंदाजाने हात पुढे केला आणि माझा गुडघा सापडल्यावर त्यावर ठेवला. "पोराला सांगाले सोपं जाते. तो लांब आहे, काही करू शकत नाही."

मग मीही सांगितलं. सगळंच सांगितलं. मला वाटलं ती पाऱ्यावरून रुसली आहे, माझं तोंड बघायची तिची इच्छा नाही. आवारात ती जवळून निघून गेली तेव्हा दोन दिवस का बोलले नाही, ते सांगितलं. वर्षभर मी दाराकडे तोंड करून "येते" का म्हणत होते, जेवताना मोबाइलमधून डोकं का काढत नव्हते, तेही सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच हसेल असं मला वाटत होतं, कारण चुकलेल्या सुनांची चेष्टा करायची तिला जन्माची सवय. ती हसली नाही.

"मी तर तुलेच पाहून राहिली होती," ती म्हणाली. "तू बोलाले बसली की तुझं तोंडच गायब होऊन जाये. म्हणून मान वळवून कडेकडेनं पाहू. तेवढंच दिसे, कान, केस, जरासा गाल. तेवढं तर तेवढं म्हणून पाहत राहू." तिला आठवत होतं काहीतरी, जुळत होतं काहीतरी, हे माझ्या लक्षात आलं. वर्षभर तिच्या त्या कडेच्या नजरेत जे येत होतं ते बहुतेक माझी पाठच असणार.

तिने माझ्या गुडघ्यावरचा हात काढला नाही. आवाजही चढवला नाही. पोह्यात काय कमी आहे ते विचारावं इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं, "मले दिसत नव्हतं, बाई. तुले तर दिसत होतं ना?"